तोंड भिंतीकडे

३ जून

धाकट्या,

बाबा जिवंत आहेत. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते, म्हणजे पुढचे वाचताना तुझे मन त्याच प्रश्नाभोवती घुटमळणार नाही. कवटीला दोन ठिकाणी तडे गेले आहेत, डावा कान मुळापासून फाटला आहे आणि शरीराची उजवी बाजू हलत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड चिवट आहे हो म्हाताऱ्याचं." चिवट तर ते आहेच. तुझ्याइतके ते कोणाला ठाऊक असणार?

परवा दुपारी, चहाच्या सुमारास, मी कॉलेजातून परतले तेव्हा दार नुसते लोटलेले होते. बाबा त्यांच्या खुर्चीजवळ पालथे पडले होते. रक्त खुर्चीवर होते, सतरंजीवर होते, कपाटाच्या काचेवर उडालेले होते. शेजारी रेकॉर्डप्लेअरची थाळी पडली होती. ज्या थाळीवर रेकॉर्ड ठेवतात ती, ओतीव लोखंडाची. लहानपणी आपल्याला दोन हातांनीही उचलत नसे ती. अशी थाळी मुद्दाम जड करतात. जड वस्तू एकदा फिरू लागली की सहजासहजी डगमगत नाही, आणि गाण्याचा सूर थरथरत नाही. जडत्वाचा धडा शिकवताना मी वर्गात हेच उदाहरण देत आले आहे. ती थाळी मधल्या खिळ्यावरून उचलून कोणीतरी बाबांच्या डोक्यात घातली. एकदा नव्हे, कान फाटेपर्यंत. यापुढे वर्गासाठी मला दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

घरातले काहीही चोरीला गेलेले नाही. पोलीस इन्स्पेक्टरांनी बाबांची सहाही कपाटे पाहिली आणि विचारले, "एवढ्या रेकॉर्ड्स! गाणी कसली?"

"कंट्री अँड वेस्टर्न."

"म्हणजे?"

आता तू मला ओळखतोस. विचारल्यावर मला अर्धवट सांगता येत नाही. मी त्यांना सांगितले की ही गुराख्यांची, खाणकामगारांची, ट्रकचालकांची आणि तुरुंगातल्या माणसांची गाणी आहेत. त्यांत एक गिटार अशी असते की तारांवरून पोलादी कांडी सरकवून ती रडवावी लागते. आणि गोड चालीवर माणसे एकमेकांचे खून करतात, इतके खून की पोलीस खात्याने हा संग्रह अवश्य अभ्यासावा. लिहून घेणाऱ्या शिपायाचा हात केव्हाच थांबला होता.

"मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाले, "आरोपीचं वर्णन मिळालं तर बरं होईल. गायकाचं नको."

एक गोष्ट मात्र त्यांनी टिपून घेतली. वर राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंनी गाणे चालू असल्याचे ऐकले होते आणि ते मध्येच थांबल्याचेही. नाव ठाऊक नसले तरी ते कोणते गाणे हे त्यांनी गुणगुणून दाखवले, कारण रोज ऐकून त्यांच्या शिलाईयंत्राचा तालच तो झाला आहे. त्या गाण्यात एक गुराखी कुंपणाच्या आत सख्ख्या भावाला गोळी घालतो, घोड्यावर बसतो आणि निघतो. पण निघण्यापूर्वी खाली उतरून कुंपणाचे फाटक नीट लावतो, गुरे बाहेर पडू नयेत म्हणून. बाबा त्या कडव्याला नेहमी मान डोलवत. "बघा," म्हणत, "याला म्हणतात वळण."

ती रेकॉर्ड मला कपाटात, तिच्या जागेवर सापडली. कव्हरावर रक्ताचा एक थेंबही नव्हता. प्लेअरची मोटर मात्र चालूच होती, थाळीवाचून रिकामी फिरत.

"चोर शिस्तीचा दिसतो," इन्स्पेक्टर म्हणाले.

तुझे आणि बाबांचे बोलणे कित्येक वर्षे बंद आहे, तेव्हा तू येशील असे मी गृहीत धरत नाही. या पत्राबरोबर एक पार्सल पाठवते आहे. त्यात तुझ्या ओरखड्याची रेकॉर्ड आहे. वाटले, बाबांच्या या अवस्थेत तू ती एकदा ऐकावीस. ओरखडा पडला तेव्हा तू तुझी मुलगी आज आहे तेवढा असशील. सुई उचलताना तुझा हात निसटला होता. तेव्हापासून त्या गाण्यात दर फेरीला एकदा 'टक्' असा आवाज येतो, कारण खाच एकच असते, बाहेरून आत सर्पिलाकार जाणारी, आणि आडवा ओरखडा तिला प्रत्येक वळणावर भेटतो. बाबांनी तुझी करंगळी टेबलावर धरून पोलादी पट्टीच्या कडेने मारली होती. यंत्ररेखन शिकवणाऱ्या माणसाची पट्टी. कड धारदार आणि हात अचूक. हाड मोडल्याचा आवाजही मला 'टक्' असाच आठवतो. आईने आगकाड्या बांधून ते बसवले, पण बोट वाकडे राहिले.

ऐकून झाली की रेकॉर्ड परत पाठव. कपाटात तिची जागा रिकामी राहिलेली बाबांना खपणार नाही.

ताई

१४ जून

धाकट्या,

शेरीफला अटक झाली आहे.

तू घर सोडून गेल्यानंतर तो बाबांच्या आयुष्यात आला, म्हणून सांगते. शेरीफ म्हणजे जुन्या रेकॉर्ड्सचा दुकानदार. बाजाराच्या मागच्या गल्लीत घड्याळजीच्या शेजारी त्याचा गाळा आहे. डोक्यावर रुंद काठाची टोपी, शर्टावर पत्र्याचा तारा, गुराख्यांच्या अमेरिकन सिनेमातल्या फौजदारासारखा, म्हणून हे नाव बाबांनीच ठेवले. दोघांचे प्रेम असे, की दर शनिवारी भांडल्याशिवाय दोघांनाही अन्न गोड लागत नसे. गेल्या महिन्यातले भांडण मी स्वतः ऐकले आहे. रेकॉर्डवरची गाणी संपली की मध्यभागी एक गुळगुळीत पट्टा उरतो आणि त्यावर साच्याचा क्रमांक हाताने कोरलेला असतो. पहिल्या साच्यातून निघालेली रेकॉर्ड सर्वांत स्वच्छ वाजते. साचा झिजत जातो तसे तिच्या पाठच्या बहिणींचे आवाज घोगरे होतात. बाबा भिंग लावून तो क्रमांक वाचत होते.

"शेरीफ, ही दुसऱ्या साच्याची आहे. पहिली म्हणून विकलीस तू मला."

"मास्तर, गाणं ऐका की! आकडे काय ऐकत बसता?"

"गाणं काय, गल्लीतली कुत्रीही ऐकतात."

"तुमच्या डोक्यातच सुई अडकलीय, मास्तर. एकदा फोडून बघायला पाहिजे आत काय वाजतंय ते!"

यावर बाबासुद्धा हसले होते. घड्याळजीने मात्र ते वाक्य जसेच्या तसे पोलिसांना सांगितले, आणि मस्करीची कुस्करी झाली. भरीस भर म्हणून थाळीवर शेरीफच्या बोटांचे ठसे निघाले. निघणारच, थाळीच्या दांड्याला तेल घालायला त्याच आठवड्यात तो घरी आला होता. थाळीच्या खालच्या बाजूला आणखी एक अर्धवट ठसा आहे, अंगठ्याचा. तो शेरीफचा नाही, बाबांचा नाही, माझाही नाही. पण ज्याच्याशी जुळवायचा तो अंगठाच समोर नसेल, तर ठसा बिचारा काय करणार?

काल बाबांनी डोळे उघडले. जीभ जड झाली आहे, शब्दाचे तुकडे पडतात. इन्स्पेक्टरांनी कानाशी वाकून विचारले, "कोणी मारलं, मास्तर?"

"शे... रीफ," बाबा म्हणाले.

संपले. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहून हात झटकले.

तिथून मी तडक ठाण्यावर गेले. शेरीफला बाकावर बसवले होते; टोपी नव्हती, तारा नव्हता. एक डोळा सुजून मिटला होता. दोन्ही हात त्याने मांडीवर उताणे ठेवले होते, एखादे भांडे ठेवावे तसे, कारण ते त्याचे त्याला उचलता येत नव्हते. टेबलाच्या खणात बोटे घालायला लावून खण बंद केला होता. पुन्हा उघडून पुन्हा. हे मला त्याने सांगितले नाही. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने सांगितले, आणि सांगताना त्याने स्वतःची बोटे खिशात लपवली.

शेरीफने मला एवढेच विचारले, "ताई, मोटर चालू राहिली होती म्हणे. रिकामी फिरत असेल तर जळते. बंद केलीत ना?"

मी इन्स्पेक्टरांना म्हटले, "हा माणूस तो नव्हे."

"कशावरून?"

मी त्यांना कारण सांगितले. ते हसले आणि त्यांनी मला दारापर्यंत सोडले. ते कारण आज मी तुला लिहीत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि त्या दिवशी नेमके विसरले.

रेकॉर्ड ऐकलीस का? परत पाठव.

ताई

२२ जून

धाकट्या,

तुझा फोन मी ठेवला नाही, तूच ठेवलास. म्हणून उरलेले बोलणे इथे पुरे करते.

तू म्हणालास, "म्हाताऱ्याने एकदा नाव घेतलं ना? मग मिटलं. तू कशाला मध्ये नाक खुपसतेस?" मी शेरीफच्या बोटांचे सांगू लागले तर म्हणालास, "बोटं सगळ्यांचीच मोडतात, ताई. माझ्या करंगळीसाठी ठाण्यावर गेली होतीस का तू?"

नव्हते गेले. मी तेव्हा शाळकरी होते आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते. पण तुझा प्रश्न बरोबर आहे म्हणून त्याचे उत्तर शेरीफने का द्यावे, हे मला कळत नाही.

काल त्याने कबुलीजबाब दिला. म्हणजे काय झाले ते सांगते. पेन धरता येत नव्हते, तेव्हा त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. तो अंगठा पूर्वी रेकॉर्ड कशी धरत असे हे तू पाहायला हवे होतेस. नवशिका दोन्ही पंजांनी धरतो. जाणकार अंगठ्याचा मुळाकडचा भाग कडेला टेकवतो, बाकीची बोटे मधल्या कागदी लेबलखाली पसरतो, आणि खाचांना कातडीचा स्पर्शही होऊ देत नाही. कातडीवर तेल असते, तेलाला धूळ चिकटते, आणि सुई त्या धुळीचा लगदा करून खाचेत ठासते. शेरीफ एका हाताने रेकॉर्ड काढून, उलटून, दिव्याखाली तिरकी धरून तिचे अख्खे चरित्र वाचत असे. त्या हाताचा आता त्यांनी शिक्का केला आहे.

खटला उभा राहिला की तो जन्माचा आत जाईल. कबुलीवर त्याचा अंगठा आहे, बाबांनी नाव घेतले आहे, घड्याळजीने वाक्य ऐकले आहे. त्याच्या बाजूने जगात एकच पुरावा आहे आणि तो ऐकून लोक हसतात.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "पाठवतो तुझी रेकॉर्ड. बघच कशी पाठवतो."

पाठव. आणि तुला काही सांगावेसे वाटले, तर तेही त्यासोबत पाठव. आधी सांगितलेले आणि नंतर सापडलेले यांत फार अंतर असते, धाकट्या. तू अजून अलीकडच्या काठावर आहेस.

ताई

४ जुलै

धाकट्या,

पार्सल पोचले.

खोका धड होता. कोपरे शाबूत, चिकटपट्टी घट्ट, आत चारही बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे. कव्हर धड होते. आतल्या रेकॉर्डचे दोन तुकडे झालेले होते.

हे टपालात घडलेले नाही, हे तुला मी सांगायला हवे असे नाही. तरी सांगते, कारण यात शिकण्यासारखे आहे. लाखेची जुनी रेकॉर्ड पडली की काचेसारखी फुटते, तिचे अनेक तुकडे होतात. विनाइल तसे नाही. ते आधी वाकते, बराच वेळ सहन करते, आणि मग एका दमात तडकते. तुटलेल्या कडेशी त्या सहन करण्याच्या फिकट रेषा उरतात. त्या इथे आहेत. तू ती दोन्ही हातांत धरलीस, गुडघ्यावर ठेवलीस आणि मोडलीस. मला तुझा राग आला नाही. त्या एका रेकॉर्डवर जगात कोणाचा हक्क असेल तर तो तुझा होता.

पण तुकडे पाहण्याआधीच, कव्हरात हात घालून आतले कागदी पाकीट बाहेर ओढले तेव्हा, मी तशीच खाली बसले होते.

आता इन्स्पेक्टर ज्याला हसले ते कारण लिहिते.

रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या कव्हराला एक उघडी बाजू असते आणि तिच्या समोर एक बंद. उघडी ते दार, बंद ती भिंत; हे शब्द बाबांचे. रेकॉर्ड आधी पातळ कागदी पाकिटात जाते आणि ते पाकीट कव्हरात. सगळे जग पाकिटाचे तोंड दाराकडे ठेवते, म्हणजे बोट घालून रेकॉर्ड चटकन बाहेर काढता येते. शेरीफ तर तसेच ठेवणार. गिऱ्हाइकाला एका हाताने काढता आली पाहिजे, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. काटेकोर संग्राहक तोंड वर करतात. बाबांना तेही पसंत नव्हते. धूळ दारातून येते, तेव्हा तिला समोर पाकिटाची बंद पाठ दिसली पाहिजे. तोंड भिंतीकडे. काढताना अख्खे पाकीट ओढा, फिरवा, मग रेकॉर्ड काढा. ठेवताना सारे उलट करा. मी अनेकांचे संग्रह पाहिले. ही पद्धत आपल्या घराबाहेर मला कोठेही आढळली नाही.

आणि ती आपल्याला कशी शिकवली तेही लिहिते, हे पत्र तुझ्याशिवाय इतरही वाचणार आहेत म्हणून. चुकून दाराकडे ठेवले की पट्टी. पट्टीने भागले नाही की पट्टा. पट्ट्यानेही भागले नाही की तू भिंतीकडे तोंड करून उभा, आणि मागे बाबा गाणे लावून बसलेले. बाजू संपेपर्यंत मान वळवायची नाही. वळवलीस की डोके धरून भिंतीवर. त्या भिंतीचा चुना तुझ्या कपाळाच्या उंचीवर उडालेला होता आणि तू वाढलास तशी ती खूण वर वर गेली. दारांच्या चौकटीवर मुलांची उंची मोजतात, तशी.

हल्ल्याच्या दिवशी कपाटात जागेवर सापडलेल्या त्या रेकॉर्डचे पाकीट मी पाहिले. तोंड भिंतीकडे होते.

थाळी उचलायची तर आधी तिच्यावर फिरणारी रेकॉर्ड काढावी लागते. एरवी कोणीही ती भिरकावून दिली असती. तू सुई उचललीस, रेकॉर्ड कडांना धरलीस, पाकिटात घातलीस, पाकीट फिरवलेस, कव्हरात सरकवलेस, कव्हर जागेवर लावलेस. त्यानंतर थाळी उचललीस. बाबांचे डोके फोडू शकलेल्या हातांना एक रेकॉर्ड जमिनीवर टाकवली नाही.

मी तुला पार्सल पाठवले तेव्हा मुद्दाम पाकिटाचे तोंड दाराकडे ठेवले होते, जगाच्या रीतीने. तो प्रयोग होता. तू ते जसेच्या तसे परत केले असतेस तर मी चुकले म्हणून आनंदाने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. तू रेकॉर्ड मोडलीस. रागाने, गुडघ्यावर. आणि मग ते दोन तुकडे एकावर एक जुळवून पाकिटात घातलेस, आणि पाकिटाचे तोंड भिंतीकडे केलेस.

पण पाकिटाला पोलीस पुन्हा हसले असते. ज्याला हसता येणार नाही असे काही त्या तुकड्यांवर होते. उभ्या जन्मात तू खाचांना बोट लावले नव्हतेस. मोडण्यासाठी मात्र रेकॉर्ड पंजात घट्ट धरावी लागते. दोन्ही तुकड्यांवर, काळ्याभोर खाचांवर, दोन अंगठे लखलखीत उमटले आहेत. थाळीखालच्या अर्धवट ठशाला जो अंगठा मिळत नव्हता तो तू टपालाने घरपोच पाठवलास.

तुझा फोन आला त्या संध्याकाळचे एक लिहायचे राहिले. मी बाबांच्या उशाशी बसले होते. विचारले, "बाबा, शेरीफ नव्हता ना तो?"

ते म्हणाले, "वाजत... होती ती. ठेवली?"

"ठेवली होती. कपाटात."

"तोंड?"

"भिंतीकडे."

चेहऱ्याची हलणारी अर्धी बाजू हसली. डोळ्यांत पाणी आले. मी बाबांना रडताना प्रथमच पाहिले.

"शिकला," ते म्हणाले. "शेवटी... शिकला."

"मग शेरीफचं नाव का घेतलंत?"

"दुसरा साचा," बाबा म्हणाले. "पहिला म्हणून... विकला."

मी उठून बाहेर आले आणि हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने लक्षात आले की आपण कसे उभे आहोत.

त्यानंतर तुझ्या बायकोला फोन केला. हल्ल्याच्या दिवशी तू घरून का निघालास, हे तिने सांगितले. तुझ्या मुलीने तुझ्या टेबलावरच्या काचेवर बोटांचे डाग पाडले. तू तिचा हात टेबलावर धरलास आणि पट्टी उचलून मारलीस. पट्टीच्या कडेने. करंगळीवर. ती किंचाळली तेव्हा तू आधी तिच्या हाताकडे पाहिलेस, मग स्वतःच्या. पट्टी खाली ठेवलीस, चपला घातल्यास आणि स्टँडवर जाऊन इकडची बस पकडलीस. तू बाबांना मारायला आला होतास की विचारायला, हे तुझे तुलाच ठाऊक. माझी समजूत अशी की तू विचारायला आलास, आणि बाबांनी गाणे बंद करण्यास नकार दिला.

मला हे सारे समजते. समजून घेणे हाच माझा व्यवसाय आहे. पण मी समजून घेत बसते तोवर त्या गल्लीतल्या माणसाची बोटे जुळून यायची नाहीत. आज सकाळी दोन्ही तुकडे, पाकीट आणि कव्हर मी इन्स्पेक्टरांच्या टेबलावर ठेवले. त्याच टेबलावर. खण बंद होता.

हे पत्र पोचण्याआधी ते तुझ्या दाराशी येतील. तुझ्या मुलीला आतल्या खोलीत पाठव. आणि त्यांनी हात लावण्याआधी तू सांगून टाक. त्यांचा हात कसा असतो ते मी पाहिले आहे.

ताई

२९ जुलै

धाकट्या,

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर लिहिते आहे. तिथले लोक आधी उघडून वाचतात म्हणे. त्यांना नमस्कार सांगते आणि पुढे लिहिते.

तू पहिल्याच प्रश्नाला खरे सांगितलेस, असे वकीलबाईंनी मला कळवले. तुला कोणी मारले नाही, असेही म्हणाल्या. त्यावर विश्वास ठेवायचे मी ठरवले आहे. तुझ्या मुलीच्या बोटावरची सूज उतरली. हाड मोडले नव्हते, मुका मार होता. तिने मला फोनवर विचारले, "आत्या, बाबा माझ्यामुळे गेले का?" मी तिला 'नाही' म्हणाले. बाकीचे समजावून सांगायला बराच वेळ लागेल, आणि तो मी काढणार आहे.

बाबांना घरी आणले. पलंगाच्या दांडीवर वाजवून मला बोलवायला काहीतरी हवे म्हणून त्यांनी आपली पोलादी पट्टी मागून घेतली. मी केलेले मीच त्यांना सांगितले. ऐकून त्यांनी डावा हात उचलला, पट्टीसकट, आणि माझ्या तोंडावर आणला. गाल फाटला. दुसऱ्यांदा आणला तेव्हा मी मनगट धरले. आपण ज्या हाताला आयुष्यभर भ्यालो तो किती हलका आहे, काय सांगू! मी सहज धरून ठेवला, दमून खाली पडेपर्यंत. पट्टी आता माझ्याजवळ आहे.

शेरीफ सुटला. परवा आला होता, नवी टोपी घालून, ताऱ्याशिवाय. डाव्या हाताची बोटे बरी आहेत, उजव्याची दोन वळत नाहीत आणि अंगठा आखडला आहे. मी त्याला म्हटले, हा सगळा संग्रह तुझा. तो नको नको म्हणाला, लाजला, मग एक कव्हर उचलून त्यातली रेकॉर्ड काढायला गेला. पाकीट अर्धवट निघाले. ते फिरवताना त्याच्या हातून रेकॉर्ड निसटली आणि छातीशी धरून त्याने ती कशीबशी वाचवली.

"मास्तरांची पद्धत झकास आहे, ताई," तो म्हणाला. "पण तिला दोन हात लागतात. माझा दीडच उरलाय."

म्हणून आज सकाळपासून मी कपाटांपुढे बसले आहे. एकेक कव्हर घेते, आतले पाकीट ओढून काढते, फिरवते आणि तोंड दाराकडे करून परत सरकवते. दोन कपाटे झाली, चार राहिली. जुना कागद आहे, सळसळतो. सरळ सरकवलेल्या पाकिटाचा आवाज वेगळा आणि फिरवलेल्याचा वेगळा. हा फरक बाहेरच्याला कळणार नाही, पण शेजारच्या खोलीत पडलेल्या माणसाला पहिल्या कव्हरापासूनच कळला आहे.

"भिंत!" बाबा ओरडत आहेत. "भिंत! भिंत!"

मघाशी मी उठले आणि त्यांच्या खोलीचे दार सताड उघडून आले, म्हणजे त्यांना नीट ऐकू येईल.

ताई